सातारा चुकला तेव्हा सगळ्या टेस्ट पास होत्या

सॉफ्टवेअरमध्ये लायब्ररी म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामरने उचलून आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरावा असा तयार कोड. ती ओपन सोर्स असली की कुणीही ती न विचारता घेऊ शकतो, बदलू शकतो, हवी तिथे चालवू शकतो. या मोकळेपणाचं मला फार अप्रूप आहे. पण अशा लायब्ररीच्या टेस्ट, म्हणजे ती बरोबर चालते का हे आपोआप तपासणारा कोड, लिहिणाऱ्याला याच मोकळेपणाची अडचण होते. आपला कोड कोण, कुठे आणि कशासाठी चालवणार हे त्याला माहीत नसतं, आणि तरीही तो नीट चालेल याची हमी द्यायची असते.

मी पुण्यात नोकरी करते आणि उरलेल्या वेळात पायथन या भाषेतल्या एका छोट्या लायब्ररीची मेंटेनर, म्हणजे तिचा सांभाळ करणारी, म्हणून काम पाहते. भारतीय भाषांमधला मजकूर साफ करणं, आकडे लाख-कोटींच्या पद्धतीने लिहिणं आणि वाचणं, तारखा नि वेळा त्या त्या भाषेत मांडणं, एवढाच तिचा पसारा. आम्ही मेंटेनर मोजकेच. एक बंगळुरूला, एक जर्मनीत, एक काठमांडूत. बहुतेकांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. बदल पाठवणारी माणसं तर त्याहून अनोळखी. एखादा येतो, चार ओळी दुरुस्त करतो आणि पुन्हा कधी दिसत नाही. अशा कामात एकमेकांवर विश्वास ठेवायला आधार एकच, टेस्ट. कुणी पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल सामील करून घेण्याची विनंती, पाठवली की कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर सगळ्या टेस्ट आपोआप चालतात आणि शेवटी हिरवी खूण उमटते किंवा लाल फुली. ती खूण पाहून आम्ही एका अनोळखी माणसाचा कोड हजारो अनोळखी माणसांच्या हाती देतो. म्हणून त्या खुणेचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत आला आहे.

ऑफिसातलं काम यापेक्षा सोपं असतं. तिथे सॉफ्टवेअर आमच्याच सर्व्हरवर चालतं. पायथनची आवृत्ती आम्ही ठरवतो, लिनक्स कोणतं ते आम्ही ठरवतो, काही बिघडलं तर लॉग उघडून बघतो. लायब्ररीच्या बाबतीत यातलं काहीच हातात नसतं. पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात येते आणि प्रत्येक आवृत्तीला साधारण पाच वर्षं दुरुस्त्या मिळत राहतात; म्हणजे एका वेळी पाच आवृत्त्या लोकांच्या वापरात आहेत असं धरून चालावं लागतं. त्याला विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा तिनाने गुणा. मग इंटेलच्या घराण्यातले प्रोसेसर आणि एआरएम. मग आपण ज्या इतर लायब्रऱ्यांवर विसंबून आहोत त्यांची चालणारी सगळ्यात जुनी आवृत्ती आणि सगळ्यात नवी. गुणाकार साठावर जातो. प्रत्येक छोट्या बदलाला साठ वेळा सगळ्या टेस्ट चालवणं परवडत नाही, म्हणून आम्ही टोकं धरतो: जुन्यात जुनं एकत्र, नव्यात नवं एकत्र. विंडोज मात्र कधीही वगळत नाही.

त्याला कारण आहे. पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितलं नाही तर विंडोजवर त्या यंत्राची जुनी अक्षरसारणी वापरली जाते, आणि ती बहुधा पश्चिम युरोपीय लिप्यांसाठी केलेली असते. तिच्यात देवनागरीला जागाच नाही. लिनक्सवर आणि मॅकवर यूटीएफ-८ ही सगळ्या लिप्यांना जागा देणारी सारणी गृहीत असल्यामुळे तिथे लिहिणाऱ्याला काही जाणवत नाही. शब्द लिहिला, फाइल बंद केली, पुन्हा उघडली, सगळं ठीक. तीच ओळ विंडोजवर ‘क’ लिहितानाच कोसळते. पायथनच्या ३.१५ या आवृत्तीपासून सगळीकडे यूटीएफ-८च गृहीत धरायचं असं ठरलं आहे, पण जुन्या आवृत्त्या त्यानंतरही कितीतरी वर्षं सरकारी कार्यालयांत, शाळांत, दुकानांत चालत राहतील. आपल्याकडे मराठीत काम करणारी बहुतेक यंत्रं विंडोजचीच आहेत. आणि ओपन सोर्स लिहिणारे पुष्कळ लोक लिनक्सवर किंवा मॅकवर बसलेले असतात. लिहिणारा आणि वापरणारा यांच्यातलं हे अंतर फक्त टेस्टनेच भरून काढता येतं.

पण टेस्ट सगळ्या यंत्रांवर चालल्या म्हणून भागत नाही. साताऱ्याचा किस्सा सांगते.

एका पतसंस्थेसाठी सभासदांना पत्रं छापणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका तरुणाने आमच्याकडे इश्यू, म्हणजे तक्रारीची नोंद, टाकला. पत्रांवर ‘साताऱ्याचा’ ऐवजी ‘सातार्याचा’ असं छापून येत होतं. ‘शेतकऱ्याला’चं ‘शेतकर्याला’ झालं होतं. सोबत त्याने छापील पत्राचा फोटो जोडला होता आणि खाली एवढंच लिहिलं होतं की लोक विचारतात, नवीन मशीनला मराठी येत नाही का.

ज्यांना या अक्षराची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. मराठीत अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक रफार, डोक्यावर चढणारा. दुसरा, आडव्या पापणीसारखा दिसणारा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यास’ दिलेली दक्षिणा आणि ‘आचाऱ्यास’ दिलेली मजुरी यांत मराठी माणूस कधी गफलत करत नाही. हा पापणीचा र संगणकात साठवण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक ०९३१. दुसऱ्या रीतीत साधा र, मग हलन्त, आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला रुंदीच नाही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ‘दऱ्या’ पहिल्या रीतीत पाच चिन्हांचा आणि दुसऱ्या रीतीत सहा चिन्हांचा. युनिकोडच्या प्रमाणीकरणाचे जे नियम आहेत तेही या दोघांना एक करत नाहीत. कोणती रीत वापरली जाते ते कीबोर्डवर अवलंबून असतं आणि टाइप करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

आमच्या लायब्ररीत मजकूर साफ करणारं एक फंक्शन होतं. वेबपानांवरून, पीडीएफमधून मजकूर उचलला की त्यात नको ती अदृश्य चिन्हं येतात, शोधताना शब्द सापडत नाहीत, म्हणून ती काढून टाकायची. गरजेचंच काम. त्या काढून टाकायच्या चिन्हांच्या यादीत हे जोडचिन्हही होतं. इंग्रजीत त्याचा काही उपयोग नसतो. बहुतेक हिंदी मजकुरातही ते गेलं तर कुणाला कळत नाही. मराठीत ते गेलं की पापणी जाते आणि रफार चढतो.

आता यातली मला सगळ्यात बोचलेली गोष्ट. त्या फंक्शनला भरपूर टेस्ट होत्या. हिंदी, तमिळ, बंगाली, मराठी, सगळ्यांचे नमुने होते. कोडची कोणती ओळ टेस्टमध्ये चालली आणि कोणती नाही हे मोजणारं साधन असतं, त्याला कव्हरेज म्हणतात. त्या फाइलचं कव्हरेज शंभर टक्के होतं. जी ओळ सातारा चुकवत होती तीच ओळ प्रत्येक टेस्टमध्ये चालत होती आणि प्रत्येक टेस्ट पास होत होती. कारण मराठीच्या नमुन्यांत पापणीचा र असलेला शब्दच कुणी घातला नव्हता. मराठी वर्तमानपत्राचं कुठलंही पान काढा, ‘शेतकऱ्यांना’, ‘अधिकाऱ्यांनी’, ‘कर्मचाऱ्यांचा’ यातलं काही ना काही असतंच. नमुने मात्र हिंदी वाक्यांचे अनुवाद करून घेतलेले होते आणि अनुवादात शेतकरी आलाच नाही.

दुरुस्ती पहिल्या नजरेला एका शब्दाची वाटली: यादीतून जोडचिन्ह काढा. जर्मनीतल्या सहकाऱ्याने दाखवून दिलं की तसं केलं तर शब्दांच्या शेवटी चिकटलेली निरुपयोगी जोडचिन्हं राहतील आणि शोध पुन्हा बिघडेल. मग कुणी सुचवलं की दुसऱ्या रीतीचा र सरळ ०९३१च्या ऱ मध्ये बदलून टाकू, म्हणजे प्रश्नच मिटेल. यावर काठमांडूहून हरकत आली आणि ती अगदी रास्त होती. नेपाळीतही हा पापणीचा र आहे, ‘गर्‍यो’ सारख्या रोजच्या क्रियापदांत, आणि तिथली रूढ रीत जोडचिन्हाचीच. मराठीची सोय पाहताना आम्ही नेपाळी मजकूर त्यांना न विचारता बदलला असता. शेवटी ठरलं ते असं: हलन्तानंतर आलेलं जोडचिन्ह जसंच्या तसं ठेवायचं, बाकीची काढायची, आणि दोन शब्दांची तुलना करताना मात्र दोन्ही रीती एक मानायच्या. या चर्चेतला प्रत्येक आक्षेप आज एकेक टेस्ट म्हणून फाइलमध्ये आहे. ‘गर्‍यो’ आहे, ‘दऱ्या’ दोन्ही रीतींनी आहे, ‘दर्या’ही आहे, कारण उद्या कुणी उत्साहाने दर्याच्या दऱ्या करू नयेत. उद्या आम्ही सगळे हे काम सोडून गेलो तरी हा वाद पुन्हा पहिल्यापासून घालावा लागणार नाही.

टेस्ट लिहायची तर बरोबर उत्तर आधी माहीत असावं लागतं, आणि पुष्कळदा तेच कुणाला ठाऊक नसतं. हार्फबझ नावाची एक ओपन सोर्स लायब्ररी आहे. अक्षरांची चिन्हं घेऊन फॉन्टमधले कोणते आकार कुठे मांडायचे हे ती ठरवते. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस या सगळ्यांत ती आहे. आपण अँड्रॉइड फोनवर जी जोडाक्षरं वाचतो ती तिच्यामुळे जुळतात. देवनागरीची सगळी जोडाक्षरं बरोबर जुळतात की नाही हे तपासायचं कसं? बेहदाद एस्फहबोद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दशकभरापूर्वी यावर काढलेला मार्ग मला फार आवडतो. विकिपीडियावरून त्या त्या लिपीतले शब्द गोळा केले, तेच मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइब या यंत्रणेकडून जुळवून घेतले, आणि दोन्ही निकाल ताडून पाहिले. देवनागरीचे सात लाखांहून जास्त शब्द होते आणि शेवटी न जुळणारे शंभराच्या आत आले. अनेक बदलांच्या नोंदींत कोणत्या लिपीचे किती शब्द चुकले ते आकडे लिहिलेले असत. युनिस्क्राइब चुकत नाही असा त्यांचा दावा नव्हता. पण लोकांचे फॉन्ट त्या यंत्रणेवर पाहूनच घडवलेले असल्याने तिच्याशी जुळणं हीच व्यवहारातली कसोटी होती.

आमच्यासारख्या लहान लायब्ररीला असा जोडीदार नेहमी मिळत नाही. तिथे दुसरा एक मार्ग उपयोगी पडतो: नेमकं उत्तर सांगता आलं नाही तरी उत्तर कसं असायला हवं याचा नियम सांगायचा. २००० साली कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी हॅस्केल भाषेसाठी क्विकचेक मांडलं, त्याची ही कल्पना. पायथनमध्ये तेच काम हायपॉथिसिस करतं. तुम्ही नियम सांगता, ते शेकडो उलटसुलट उदाहरणं तयार करून नियम मोडायचा प्रयत्न करतं, आणि मोडला की त्यातल्या त्यात लहान उदाहरण शोधून पुढ्यात ठेवतं.

लाख-कोटींच्या पद्धतीने स्वल्पविराम देणाऱ्या आमच्या फंक्शनसाठी पहिला नियम सहज सुचतो: कोणताही आकडा लिहा, परत वाचा, तोच आकडा मिळाला पाहिजे. नियम भक्कम दिसतो. एका नव्या सहकाऱ्याने फंक्शन आटोपशीर करून पाठवलं तेव्हा तो नियम पाळलाही गेला. आकडा चार किंवा जास्त अंकी असेल तर शेवटचे तीन अंक वेगळे काढायचे, उरलेल्यांच्या मागून दोन-दोनच्या जोड्या करायच्या आणि मधे स्वल्पविराम द्यायचा, असा त्याचा कोड होता. पण उणे दहा हजार घेऊन पाहा. शेवटचे तीन शून्य काढले की उरतं उणे चिन्ह, एक आणि शून्य. मागून दोनाची जोडी केली की ‘१०’ वेगळा होतो आणि उणे चिन्ह एकटं पडतं. उत्तर येतं: उणे, स्वल्पविराम, दहा, स्वल्पविराम, तीन शून्यं. वाचणारं फंक्शन सगळे स्वल्पविराम पुसून वाचत असल्यामुळे त्याला यात काही गैर दिसलं नाही आणि नियम पाळला गेला. हिशेबाच्या कागदावर मात्र ‘-,१०,०००’ छापून आलं असतं. बंगळुरूच्या सहकाऱ्याने दुसरा नियम घातला होता, प्रत्येक स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना अंकच हवा, म्हणून ते सापडलं. हायपॉथिसिसने समोर ठेवलेलं उदाहरणही नेमकं उणे दहा हजारच होतं. उणे एक हजाराला हा घोळ होत नाही, उणे एक लाखालाही होत नाही. हाताने नमुने लिहिणारा माणूस हेच दोन आकडे आधी लिहून मोकळा झाला असता.

काही टेस्ट कोडला कुणी हात न लावता मोडतात. रात्री सगळं हिरवं असतं आणि सकाळी लाल. अशा वेळी नवख्या माणसाला वाटतं यंत्रच बिघडलं. २०२२च्या ऑक्टोबरात जगभरच्या भाषांमधल्या तारखा-वेळांची जी सामायिक माहिती असते, सीएलडीआर, तिची ४२वी आवृत्ती आली आणि आयसीयू या लायब्ररीच्या ७२व्या आवृत्तीतून ती सगळीकडे पसरू लागली. इंग्रजी वेळ लिहिताना आकडा आणि एएम-पीएम यांच्यामधली साधी मोकळी जागा तिच्यात बदलून एक वेगळी, अरुंद, न तुटणारी मोकळी जागा केली होती. छपाईच्या दृष्टीने बदल योग्यच. पण आमच्या निकालात अपेक्षित उत्तर आणि मिळालेलं उत्तर एकाखाली एक छापलेलं दिसायचं, अक्षरन् अक्षर सारखं, आणि खाली शेरा: जुळत नाही. २०२३च्या मार्चमध्ये आलेल्या जावाच्या २०व्या आवृत्तीतही हा बदल आला आणि वेळ वाचणारे कितीतरी प्रोग्रॅम अडले. आमच्या बाजूने आम्ही टेस्टच्या निकालात अशा चिन्हांचे क्रमांक छापायला लावले. डोळ्यांना न दिसणारा फरक निकालाने दाखवला नाही तर तो निकाल कोणाच्याच कामाचा नाही.

वेळेच्या टेस्टमधला दुसरा त्रास आपल्या साडेपाच तासांचा. टेस्ट चालवणारे सर्व्हर जागतिक वेळेवर असतात. ‘आजची तारीख मराठीत’ देणारं फंक्शन भारताची तारीख देतं आणि टेस्टमधलं अपेक्षित उत्तर सर्व्हरच्या तारखेवरून काढलेलं. पुण्यात मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत या दोन तारखा वेगळ्या असतात. आमच्याकडे त्या वेळी कुणी जागं नसल्याने ही टेस्ट दिवसभर पास व्हायची. जर्मनीतला सहकारी हिवाळ्यात संध्याकाळी साडेसातनंतर कामाला बसला की मात्र त्याच्या हातून ती हटकून फेल व्हायची, आणि बिचारा आपल्याच बदलात चूक शोधत राहायचा. उपाय असा की फंक्शनने घड्याळाकडे स्वतः पाहायचंच नाही, वेळ बाहेरून द्यायची. टेस्ट आता मध्यरात्रीच्या एक सेकंद आधीची आणि एक सेकंद नंतरची वेळ देऊन दोन्ही बाजू तपासते.

वेळेचाच आणखी एक नमुना आमच्या टेस्टच्या फाइलमध्ये आहे. पायथनमधल्या पायटीझेड या जुन्या लायब्ररीत भारताचा कालविभाग चुकीच्या रीतीने जोडला तर फरक साडेपाच तासांऐवजी पाच तास त्रेपन्न मिनिटांचा येतो. कारण ती लायब्ररी वापरते त्या कालविभागांच्या माहितीसाठ्यात भारताची पहिली नोंद एकोणिसाव्या शतकातल्या कोलकात्याच्या स्थानिक वेळेची आहे. भारतात एकच प्रमाणवेळ नंतर आली. मुंबई तर १९५५ पर्यंत आपली चार तास एकावन्न मिनिटांची वेळ वेगळी सांभाळून होती. तेवीस मिनिटांचा हा फरक दिसला की मी आता लगेच ओळखते, पण ज्याला हा इतिहास माहीत नाही त्याला तो भुताटकीसारखा वाटतो. म्हणून त्या टेस्टवर चार ओळींचं टिपण लिहून ठेवलं आहे.

कधी पास, कधी फेल अशा टेस्टना फ्लेकी म्हणतात. पायथन ३.३पासून शब्दांच्या संचाचा क्रम दर वेळी वेगळा येऊ शकतो. त्या क्रमावर विसंबलेली टेस्ट नशिबावर चालते. नेटवरून काही आणणारी टेस्ट समोरचा सर्व्हर झोपला की पडते. गूगलने २०१६ साली आपला अनुभव जाहीर केला होता: त्यांच्याकडे टेस्टच्या सुमारे दीड टक्का फेऱ्यांचा निकाल फ्लेकी निघे आणि जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये हा दोष थोडाफार होता. त्यांच्याकडे त्यासाठी माणसं आहेत, पगारी. आमच्याकडे अशी एक टेस्ट आली की तिचा परिणाम माणसांच्या सवयीवर होतो. लाल फुली दिसली की कुणी वाचत नाही, ‘पुन्हा चालवा’चं बटण दाबतात. खरी चूकही त्यात वाहून जाते. म्हणून मी या बाबतीत कठोर आहे: फ्लेकी टेस्ट आठवड्याच्या आत दुरुस्त होत नसेल तर काढून टाकावी. ती ठेवण्याने बाकीच्या टेस्टची किंमत कमी होते.

हे सगळं चालवायला यंत्रं लागतात आणि ती कुणाची तरी असतात. ओपन सोर्ससाठी टेस्ट फुकट चालवून देणाऱ्या सेवा आहेत आणि त्यांचे उपकार मोठे आहेत. पण आम्ही ज्या सेवेवर होतो तिने एका वर्षी फुकट मिनिटांचे नियम बदलले. काही लोक पुल रिक्वेस्टच्या आडून तिथे आभासी चलनाची खाणकामं चालवत होते, असं कारण पुढे आलं आणि ते खरंही असावं. आमच्या टेस्ट रांगेत तासन् तास पडून राहू लागल्या. दुसरीकडे हलायचं म्हणजे सगळी मांडणी नव्याने लिहायची. ज्या सुट्ट्यांत नवं काही घडवायचं ठरलं होतं त्या बिऱ्हाड हलवण्यात गेल्या. लायब्ररीत त्यातून एकाही ओळीची भर पडली नाही.

याउलट एसक्यूलाइट पाहा. प्रत्येक फोनमध्ये असलेला हा डेटाबेस रिचर्ड हिप आणि मोजके सहकारी सांभाळतात. त्यांनीच प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार २०२३च्या मे महिन्यातल्या आवृत्तीत मूळ कोड सुमारे १ लाख ५६ हजार ओळींचा आणि टेस्टचा कोड सुमारे ९ कोटी २० लाख ओळींचा, म्हणजे ५९० पट. मला या आकड्याचा हेवा वाटतो, पण त्यामागची व्यवस्थाही बघायला हवी. त्यांना पैसे देणाऱ्या कंपन्यांचा संघ आहे, आणि बाहेरच्यांचा कोड ते सहसा घेत नाहीत. आमच्यासारख्यांना दोन्ही शक्य नाही. आमचं सगळं बळ बाहेरच्या माणसांत आहे.

बाहेरच्या माणसांवर भिस्त ठेवण्याची किंमत २०२४च्या मार्चमध्ये सगळ्यांनाच कळली. एक्सझेड ही फाइल दाबून लहान करणारी लायब्ररी, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असलेली. तिचा एकटा मेंटेनर थकलेला होता. दोन वर्षांहून जास्त काळ चांगलं काम करून विश्वास मिळवलेल्या एका टोपणनावाच्या माणसाने तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. कुठे लपवला? टेस्टच्या नमुन्यांमध्ये. दाबलेल्या फाइल उघडणाऱ्या लायब्ररीला मुद्दाम बिघडवलेल्या फाइलही नमुन्यादाखल लागतात. त्या उघडून वाचता येत नाहीत आणि कुणी वाचतही नाही. बिल्ड करताना त्यातूनच घातक कोड बाहेर काढला जायचा. सगळ्या टेस्ट पास होत होत्या. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या प्रोग्रामरला दूरच्या यंत्रावर शिरण्याचं आपलं एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय हे खटकलं, तो मागे लागला आणि हे उघडकीला आलं.

त्या आठवड्यात आम्ही आमच्या नमुन्यांच्या फाइल एकेक करून तपासल्या. कुणी, कुठून, कशा बनवल्या हे ज्यांचं सांगता आलं नाही त्या काढल्या. तेव्हापासून नियम असा की वाचता न येणारी फाइल नमुना म्हणून घ्यायची नाही; ती बनवणारा छोटा प्रोग्रॅम द्यावा, फाइल टेस्ट चालताना तयार होईल. काम वाढलं आहे आणि नवख्यांना हा नियम जाचक वाटतो. मला तो योग्य वाटतो आणि मी तो सोडणार नाही.

एवढ्या वर्षांत माझं मत पक्कं झालं आहे ते असं. ओपन सोर्स लायब्ररीच्या टेस्टमधली सगळ्यात दुर्मीळ गोष्ट म्हणजे नमुने. यंत्रं भाड्याने मिळतात, साधनं फुकट मिळतात, हायपॉथिसिस हजारो आकडे तयार करून देतं. पण ‘शेतकऱ्याला’ हा शब्द कोणतंही साधन आपणहून सुचवत नाही. तो ज्याच्या पत्रावर चुकीचा छापून आला त्याच्याकडूनच यावा लागतो. आणि आपल्याकडे तो येत नाही. मराठीत सॉफ्टवेअर करणारे लोक लायब्ररी चुकली की आपल्या प्रोग्रॅममध्ये तेवढ्यापुरती ठिगळाची ओळ घालतात आणि पुढे जातात. मी नोकरीतही हे पाहते. पुढच्या माणसाला तेच ठिगळ पुन्हा लावावं लागतं, आणि लायब्ररीच्या लेखी मराठी व्यवस्थित चाललेली असते. त्या पतसंस्थेच्या तरुणाने एक फोटो पाठवला म्हणून मराठीबरोबर नेपाळीचंही भलं झालं.

तेव्हा वाचकांना विनंती आहे. तुमच्या प्रोग्रॅममध्ये, फोनमध्ये, छापील पावतीवर मराठी शब्द मोडलेला दिसला तर त्यामागे बहुधा अशी एखादी खुली लायब्ररी असते आणि तिचे मेंटेनर अशा पत्राची वाट पाहत असतात. कोड लिहिता येत नसला तरी चालेल, इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालेल. चुकलेला शब्द, बरोबर शब्द आणि तो कोणत्या कीबोर्डवर टाइप केला होता, एवढ्या तीन ओळी पाठवा. टेस्ट आम्ही लिहू.